अभिनय कार्यशाळा: सर थापाडे, पण पडायला झकास शिकवतात

सहा वर्ग, प्रत्येकी दोन तासांचे. शिकवणारे सर स्वतः नट आहेत. नाव सांगत नाही. मी दिवसभर हिशेब तपासणारी बाई. रंगमंचावर हातांचं काय करायचं एवढं कळलं तरी पुष्कळ, म्हणून गेले.

पहिल्या तीन वर्गांचा निम्मा वेळ सरांच्या पराक्रमांनी खाल्ला. डमी म्हणे कधी घेतलाच नाही. उधळलेला घोडा एका हाताने आवरला. धबधब्यावरून उडी स्वतः मारली. ती उडी पहिल्या वर्गात दोन मजल्यांची होती, तिसऱ्यात पाच झाले. पण लोणकढी थाप असली तरी माणूस सांगतो रंगवून, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

चौथ्या वर्गाचा विषय होता ‘कॅपितानो’. इटलीच्या कॉमेदिया देल्लार्ते या जुन्या नाट्यप्रकारातला हा फुशारक्या कप्तान: मिशीला पीळ, कमरेला लांबलचक तलवार, तोंडी लढायाच लढाया, आणि खरा प्रसंग आला की पोबारा. रोमन नाटककार प्लाउटसने असा शिपाई दोन हजार वर्षांपूर्वीच रंगवलाय. हे सांगता सांगता सरांना राहवेना. “कॉलेजात मी तलवारबाजीत फॉइलचा चॅम्पियन! फायनलला समोरच्याच्या मनगटावर असा वार केला, पदक गळ्यात!”

मागच्या रांगेतली मुलगी हळूच म्हणाली, “सर, फॉइलमध्ये मनगटाला गुण नसतो. फक्त धड.”

“मग ती इपी असेल,” सर म्हणाले. इपी म्हणजे तलवारबाजीतली दुसरी तलवार, तिच्यात अंगावर कुठेही लागलं तरी गुण.

मुलगी तलवारबाजी खेळणारी निघाली. तिच्या पिशवीत फॉइल होती, ती तिने काढून पुढे केली. अर्धा किलोसुद्धा वजन नाही. सरांनी ती मिटलेल्या छत्रीसारखी धरली, दोनदा हलवली, आणि त्यांचा गुडघा दुखू लागला.

पुढचा तास मात्र पैसे वसूल. गुडघ्याचं विसरून सरांनी पडायला शिकवलं: आधी खाली बसत यायचं, मग पोटरी, मांडी, कुल्ला असं एका कुशीवर लवंडायचं, तळहातावर भार नाही, डोकं वर. मग थप्पड. मारणाऱ्याचा हात चेहऱ्यापासून चांगला लांबून जातो. आवाज थप्पड खाणारा काढतो, प्रेक्षकांना न दिसेल अशी छातीजवळ टाळी वाजवून. मान झटकायची तीही त्यानेच. मी वीसेक थपडा खाल्ल्या, गालाला वारा लागला फक्त. इथे सर एकदाही ‘मी’ म्हणाले नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी: आवाजाचा अख्खा वर्ग कबूल केला होता, तो शेवटच्या वीस मिनिटांत उरकला. त्याचा वेळ कुठे गेला ते वर लिहिलंच आहे. पाचपैकी साडेतीन.

सहाव्या वर्गात धबधबा पुन्हा निघाला. सरांनी आधी मागच्या रांगेकडे पाहून घेतलं. उडी या वेळी दीड मजल्याची होती.