वापरलेले हेड बसवताना कॅमशाफ्ट कोणता ठेवावा: हेडबरोबर आलेला की आपला?

मारुती ८०० चे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) तडकले आणि त्याच इंजिनाचे वापरलेले हेड हाती आले, की मिस्त्री हमखास विचारतो, 'कॅमशाफ्ट हेडमधलाच राहू द्यायचा, की तुमचा काढून घालायचा?' कॅमशाफ्ट म्हणजे हेडमध्ये फिरून व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा. सोलापुरात मी हे दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. आपला कॅमशाफ्ट घालण्याचा माझ्या गाडीत आणि हेडबरोबरचा ठेवण्याचा धाकट्या भावाच्या गाडीत.

माझी गाडी तुळजापूरच्या घाटात गरम होऊन हेडला तडा गेला, तेव्हा मी आपल्याच कॅमशाफ्टचा आग्रह धरला होता. त्यामागचा विचार आजही मला चुकीचा वाटत नाही, कारण आपल्या इंजिनात ऑइल कधी बदलले हे आपल्याला ठाऊक असते, भंगारात आलेल्या गाडीचे मात्र कोणीच सांगू शकत नाही. परंतु कॅमशाफ्ट माझा आणि रॉकर (कॅमच्या उंचवट्याने हलून व्हॉल्व्ह दाबणारे छोटे भाग) त्या हेडचे, अशी जोडी जमली आणि तिथेच दुखणे सुरू झाले. कॅमचा उंचवटा आणि रॉकरची त्यावर घासणारी बाजू वर्षानुवर्षे एकमेकांच्या मापाने झिजलेली असते. जोडीदार बदलला की झीज नव्याने सुरू होते, टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली) वाढते आणि टकटक ऐकू येऊ लागते.

त्या टकटकीपेक्षाही टॅपेट सेटिंगने, म्हणजे ती फट पुन्हा जुळवण्याने, मी जेरीस आलो. आमचे मिस्त्री ते थंड इंजिनावरच करतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गाडी अक्कलकोट रोडच्या गॅरेजमध्ये ठेवायची, रिक्षाने घरी यायचे आणि सकाळी पुन्हा जायचे. पाच महिन्यांत हे चार वेळा झाले. दर वेळी रॉकर कव्हर उघडल्याने गॅस्केट बसेना. शेवटी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल ठिबकून जळका वास आत आला, तेव्हा मी हात टेकले. रॉकरही माझेच घातले असते तर त्रास कदाचित कमी झाला असता, हे मान्य आहे.

भावाच्या गाडीत आम्ही हेडमधले कॅमशाफ्ट आणि रॉकर जागचे हलवलेच नाहीत. रॉकर काढावे लागू नयेत म्हणून व्हॉल्व्ह आधीच सुस्थितीत असलेले हेड शोधले आणि फेसिंग (हेडचा खालचा पृष्ठभाग सपाट करणे), कॅमचे ऑइल सील व टायमिंग बेल्ट एवढेच काम केले. सेटिंग बसवताना एकदा आणि हजार किलोमीटरनंतर एकदा केले. एका गाडीचा अनुभव म्हणजे मोजमाप नव्हे, तरी माझा कल आता याच बाजूला आहे.

अर्थात आधी पाहणी हवी. कॅमच्या उंचवट्यावरून नख फिरवावे. खड्डे लागले तर तो कॅमशाफ्ट नको, मग आपला घालावा, पण आपल्या रॉकरसकट आणि त्यांचा क्रम न बदलता. या हेडमध्ये कॅमशाफ्ट थेट अॅल्युमिनियममध्ये फिरतो, वेगळे बेअरिंग नसते. म्हणून त्या जागेत खोल ओरखडे असतील तर हेडच सोडून द्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) कॅमशाफ्टवरूनच फिरतो आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीच्या हेडमध्ये ती सोय असेलच असे नाही, तेव्हा ते हेड सहज बसेल असे गृहीत धरू नये. कॅमशाफ्ट आणि रॉकर सगळेच नवे घेणे उत्तम, परंतु जुन्या ८०० वर तेवढा खर्च क्वचितच परवडतो.

काही दुकानदार कॅमशाफ्ट काढून वेगळा विकतात. म्हणून हल्ली मी त्यांना कव्हर तेवढे उचलून दाखवायला सांगतो आणि आतला एकही बोल्ट सैल करू देत नाही.