३१ वस्तू, ३ लबाड: महागाचं सामान ऑनलाइन विकण्याचा १० महिन्यांचा अनुभव

मामा गेल्यावर त्यांचं कॅमेऱ्यांचं कपाट माझ्या गळ्यात पडलं. फिल्मचे कॅमेरे, लेन्स, दोन लाइट मीटर (उजेड मोजायची उपकरणं), एक किल्लीचं मनगटी घड्याळ. मामी म्हणाल्या, "तुला त्यातलं कळतं, तूच बघ काय ते." मला लेन्समधलं कळत होतं. विकण्यातलं काहीच कळत नव्हतं.

१० महिन्यांत ३१ वस्तू विकल्या. त्यातले २८ व्यवहार वादापर्यंत गेले नाहीत, आणि बहुतेक तर इतके सरळ झाले की त्यांच्याबद्दल लिहायला काही नाही. माणसं पैसे भरतात, पार्सल मिळालं की "छान आहे" लिहितात आणि विषय संपतो. उरलेल्या तिघांनी झोप उडवली. त्यातले दोन वाद मी जिंकले, एक हरले. कोणत्या साइटवर विकलं ते सांगत नाही, कारण नियमांची भाषा बदलली तरी खेळ सगळीकडे तोच आहे.

आधी हरलेला सांगते, कारण त्यात चूक माझीच होती.

घड्याळ होतं. गिऱ्हाईक गोड बोलणारं. दोन दिवस नीट प्रश्न विचारले, घासाघीस नाही, पैसे लगेच भरले. मग मेसेज आला: "दिवसा घरी कोणी नसतं, जरा या पत्त्यावर पाठवाल का?" यात संशय घेण्यासारखं काय होतं? माझ्याही घरी दिवसा कोणी नसतं. मी पाठवलं. पार्सल पोहोचलं, सही झाली, "खूप आवडलं" असा निरोपही आला. ११ आठवड्यांनी पैसे माझ्या खात्यातून परत खेचले गेले. कार्ड चोरीचं होतं. ज्याचं कार्ड होतं त्याने बँकेत तक्रार केली होती आणि ती शंभर टक्के खरी होती. पहिला दिवस मी त्याच बिचाऱ्यावर चिडून काढला.

तोपर्यंत मला वाटत होतं की पैसे खात्यात दिसले म्हणजे मिळाले. तसं नसतं. कार्डाने झालेल्या व्यवहाराला व्हिसासारख्या नेटवर्कवर साधारण १२० दिवसांपर्यंत हरकत घेता येते; पेपाल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर खरेदीदाराला वाद उघडायला १८० दिवस मिळतात. म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष ते पैसे तुमच्याकडे पाहुण्यासारखे असतात. आणि विक्रेत्याला जे काही संरक्षण मिळतं ते व्यवहाराच्या नोंदीतल्या पत्त्याला चिकटलेलं असतं. मी दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं तिथेच ते गळून पडलं. सहीची पावती होती, पण चुकीच्या पत्त्यावरची सही काय कामाची? आता कुणी पत्ता बदलायला सांगितलं की मी व्यवहार रद्द करते आणि नव्या पत्त्याने पुन्हा खरेदी करा म्हणते. प्रामाणिक माणूस कुरकुरतो आणि करतो. दोघेजण मात्र हे ऐकून गायबच झाले.

आता लेन्सची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण मला जे काही कळलं ते इथेच.

एक जुनी पोर्ट्रेट लेन्स होती, काचा स्वच्छ. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी तक्रार: "आत बुरशी आहे, वर्णनात लिहिलेली नाही, परत घ्या." सोबत फोटो, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी स्पष्ट दिसणारा. मी हादरले. आपल्याच नजरेतून सुटलं असेल असं वाटलं आणि परत मागवली. आली. सिरीयल नंबर पाहिला, माझाच. आत बुरशी, खरीच. मी मुकाट्याने पैसे परत करायला निघाले होते.

लेन्स हातात फिरवताना काहीतरी खटकलं. मागे जिथे ती कॅमेऱ्याला बसते त्या धातूच्या चकतीवर चार स्क्रू असतात. माझ्या लेन्सच्या एका स्क्रूची खाच मामांनी कधीतरी चुकीच्या पेचकसाने खरवडली होती. त्यावरून ते स्वतःलाच बोल लावायचे, म्हणून लक्षात. परत आलेल्या लेन्सचे चारही स्क्रू कोरे करकरीत. मग भिंग घेऊन बसले. जुन्या काचेत कधीकधी बारीक हवेचे बुडबुडे असतात, चित्रावर त्यांचा काही परिणाम होत नाही. माझ्या लेन्सच्या पुढच्या काचेत कडेजवळ एक होता, माझ्या जाहिरातीच्या फोटोत तो दिसत होता. या लेन्समध्ये नव्हता.

मग नंबर कसा जुळला? अनेक जुन्या लेन्सवर नाव आणि नंबर पुढच्या काचेभोवतीच्या एका कड्यावर असतात, आणि ते कडं नुसतं आट्यांवर बसवलेलं असतं. रबराचा गोल तुकडा दाबून फिरवला की सुटतं. त्या गृहस्थाकडे त्याच मॉडेलची बुरशी लागलेली लेन्स होती. त्याने माझं कडं काढून तिच्यावर चढवलं आणि तीच मला परत पाठवून दिली. वर पुन्हा चॅटमध्ये मलाच "तुमच्यासारख्या लोकांमुळे विश्वास उडतो". चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

वाद साइटकडे नेला. पहिल्या फेरीत मी हरले. निकालात एक ओळ होती: सिरीयल नंबर जुळतो. मी पॅकिंगचा ४ मिनिटांचा व्हिडिओ जोडला होता, तो कुणी उघडून पाहिल्याचं लक्षण नव्हतं. अपील करताना व्हिडिओ बाजूला ठेवला आणि फक्त ३ चित्रं पाठवली. एकात दोन्ही लेन्सचे स्क्रू शेजारी शेजारी, एकात दोन्ही काचा, बुडबुड्याभोवती लाल गोल. तिसऱ्यात ते कडं काढलेलं. खाली पाच वाक्यं. १९ व्या दिवशी निकाल फिरला.

तेव्हापासून माझं डोकं वेगळ्या दिशेने चालायला लागलं. मी पुरावा गिऱ्हाइकाला पटवायला गोळा करत होते. त्याला तर सगळं माहीतच असतं, माझ्यापेक्षा जास्त! पुरावा लागतो तो तिसऱ्या माणसासाठी, साइटतर्फे निकाल देणाऱ्यासाठी. त्याने ती वस्तू कधी हातात धरलेली नाही, लेन्स म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि माझ्या केससाठी त्याच्याकडे फार तर दोन मिनिटं आहेत. आता प्रत्येक फोटो काढताना मी हा कंटाळलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवते.

अर्थशास्त्रात जुन्या गाड्यांच्या बाजाराचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली मांडलं की विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजारच बिघडतो. २००१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. पण पार्सल दारात पडलं की पारडं उलटतं. डब्यात काय निघालं, ते कसं वापरलं, परत काय भरलं हे फक्त घेणाऱ्याला माहीत. साइटचे बहुतेक नियम मात्र पहिल्या अर्ध्याचा विचार करून केलेले, म्हणजे घेणारा दुबळा असं धरून. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटने २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट अभिप्राय देणंच बंद केलं. त्यामागचं कारण मला समजतं; विक्रेते बदला म्हणून वाईट शेरे मारत आणि लोक खरं लिहायला घाबरत. पण त्याची किंमत हीच की सराईत लबाडाच्या प्रोफाइलवर डाग दिसत नाही.

मग मी काय बदललं? मुख्य म्हणजे दोष लपवणं तर सोडाच, दोष मिरवायला लागले. पूर्वी ओरखडा असला की जरा तिरक्या उजेडात फोटो काढायचा मोह व्हायचा. आता ओरखड्याचाच सर्वात जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी. भाव थोडा पडतो, पण ओरखडा हा वस्तूचा अंगठ्याचा ठसा आहे. कडं बदलता येतं, २० वर्षांपूर्वी पडलेला पोचा हुबेहूब कुणाला उठवता येत नाही. शिवाय "वर्णनात नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. ईबेवरची पहिली विक्री, १९९५ सालची, एका बिघडलेल्या लेसर पॉइंटरची होती. संस्थापक पियर ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलंही की हे बिघडलेलं आहे हे कळलंय ना. तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. असं गिऱ्हाईक मला एकदा तरी मिळावं.

अतिनील प्रकाशात दिसणारी शाई असलेलं पेन घेतलं. आतल्या धातूवर एक टिंब, त्याचा फोटो. ठीक आहे, पण स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं जातं, त्यामुळे फार भरवसा नाही. पार्सल उघडलं की चिरफाळणारी सीलची चिकटपट्टीही घेतली होती. पैसे वाया. उघडायचं तर गिऱ्हाइकालाच असतं, मग सील तुटलं यातून सिद्ध काय होणार? वाटेतल्या चोरीसाठी उपयोगी असेल, लबाड गिऱ्हाइकासाठी नाही.

वजनकाटा मात्र लाखमोलाचा. तिसऱ्या प्रकरणात त्यानेच वाचवलं. कॅमेरा आणि लाइट मीटर एकत्र पाठवले होते, पॅक केल्यावर वजन १ किलो १४० ग्रॅम. कुरिअरच्या पावतीवर तेवढंच, पोहोचण्याआधीच्या शेवटच्या केंद्रातही तेवढंच. तिसऱ्या दिवशी तक्रार: "डबा उघडला तर आत नुसते वर्तमानपत्राचे बोळे." मी लगेच वजनाची पावती दाखवणार होते, पण लेन्सच्या वेळचा धडा ताजा होता. म्हणून फक्त विचारलं, "म्हणजे डबा अगदी हलका होता का?" उत्तर आलं, "हो, उचलतानाच कळलं." मग पावती लावली. दोन तासांत नवी कहाणी: आत बोळ्यांबरोबर एक जुना पाना पण होता, सांगायचं राहिलं. वजन एकट्याने कदाचित पुरलं नसतं. वीट भरूनही डबा तेवढाच जड करता येतो. पण एकाच चॅटमध्ये एकाच माणसाचे दोन जबाब, एकात हलका डबा, दुसऱ्यात लोखंडी पाना, हे तिसऱ्या माणसाला वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

म्हणूनच बोलणं साइटच्या चॅटच्या बाहेर नेत नाही. "फोनवर बोलू, सोपं पडेल" म्हणणाऱ्याला सोपं काय पडणार आहे ते मला आता माहीत आहे.

बाकीचे छोटे प्रकार इतके सरसकट आहेत की त्यांचा राग येणंही बंद झालं. पैसे जमा झाल्याची खोटी ईमेल येते. खातं स्वतः उघडून पाहिलं की फुगा फुटतो. कुणी जास्त रक्कम पाठवल्याचं सांगून "वरचे परत करा" म्हणतो. कुणी "तुम्ही खऱ्या आहात ना" म्हणून फोनवर आलेला कोड मागतो. कुणी एस्क्रोची (वस्तू पोहोचेपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थ सेवेची) लिंक पाठवतो, जी हुबेहूब खऱ्यासारखी असते आणि खरी नसते. कुणी पेपालच्या मित्र-नातेवाइकांच्या पर्यायाने व्यवहार करू म्हणतो, ज्याला खरेदी-विक्रीचं संरक्षणच नाही.

एका प्रकाराला मात्र अजूनही उत्तर देताना हात थरथरतो. वस्तू मिळाल्यावर मेसेज येतो: "जरा खरचटलेली आहे, चालवून घेतो, थोडे पैसे परत करा." रक्कम अशी की भांडण नको म्हणून कुणीही देऊन टाकेल. मी एकदा दिली. आठवडाभराने त्याच माणसाला आणखी एक दोष सापडला. आता ठरलेलं उत्तर: वस्तू परत पाठवा, पूर्ण पैसे घ्या. पाच जणांना हे लिहिलं. एकाने खरंच पाठवली, आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं, कॅमेऱ्यातला आरसा अडकत होता. त्याची माफी मागितली. चौघांना ती वस्तू अचानक तशीच आवडायला लागली.

या सगळ्याचा एक तोटा आहे. एका आजोबांनी पत्त्यातला घर क्रमांक चुकला म्हणून दुरुस्तीचा मेसेज केला, आणि मी त्यांना जे कोरडं उत्तर पाठवलं ते आज वाचवत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्यांनी मुकाट्याने पुन्हा खरेदी केली आणि नंतर त्या कॅमेऱ्याने काढलेल्या नातीचा फोटो पाठवला.

वेळेचा हिशेबही सांगते: या पद्धतीत एका वस्तूमागे साधारण दीड तास जातो. स्वस्तातल्या वस्तूला मी हे करत नाही, ती गेली तर गेली.

कपाटात आता एकच लेन्स उरली आहे, ती बुरशीवाली. साइटने ती परत मागितली नाही, त्या गृहस्थाने तर नाहीच. बुरशी दुसरीकडे पसरू नये म्हणून वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली आहे. पुढे मामांच्या लेन्सचा नंबर, आत कुणाच्या तरी काचा. आणि मामांच्या काचा कुठेतरी दुसऱ्याच नंबराखाली फिरत असतील, बहुधा "बुरशी नाही, उत्तम स्थिती" अशा जाहिरातीत. परवा एकाने विचारलं, हीपण विकणार का? वर्णनात काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.