वादळासाठी घेतलेला मांजराचा कॅरियर - वरचं दार फर्स्ट क्लास, क्लिपा भंगार

रेटिंग पाचपैकी साडेतीन. तो अर्धा फक्त वरच्या दारासाठी, नाहीतर तीनच देणार होते.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. कडक प्लॅस्टिकचा दोन भागांचा डबा, खालचा टब आणि वरचं झाकण वेगळं होतं, पुढे लोखंडी जाळीचं दार आणि वर एक मोठं उघडणारं दार. सोबत "इमर्जन्सी किट" म्हणून एक पाऊच येतो त्याबद्दल पुढे बोलते कारण त्यात बोलण्यासारखं बरंच आहे आणि चांगलं कमी आहे. जाहिरातीत "स्टॉर्म प्रूफ" लिहिलंय. ते विसरा. हवा येण्यासाठी बाजूला जी भोकं आहेत त्यातून पाणीही येणारच ना, त्यामुळे ही काही नाव नाही, पाण्यात ठेवली तर बुडणार. पावसातून गाडीपर्यंत न्यायचं तर वरून जाड टॉवेल टाका, प्लॅस्टिकने गच्च गुंडाळू नका, आत मांजर श्वास घेतंय.

माझ्याकडे दोन मांजरं, एक जाडा बोका गब्बू आणि एक चिमी जी दिसायला गरीब आहे फक्त. आधी कापडी, झिपवाली बॅग वापरायचो. व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) न्यायला ती ठीक, पण घाबरलेली मांजर आतून नखाने झिप सरकवते आणि डोकं बाहेर काढते, आणि एकदा डोकं बाहेर आलं की बाकीची मांजर कुठल्याही भोकातून येतेच. शिवाय कापड भिजलं की जड होतं आणि खाली लोंबतं. वादळासाठी घेताय तर कडकच घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता वरचं दार. नॉर्मल दिवशी मांजर पुढच्या दारातून लाडीगोडी लावून जाते. वादळात वारा घोंघावतोय, लाईट गेलीय, पत्रे धाडधाड वाजतायत अशा वेळी पुढच्या दारातून घालायला गेलात तर ती चारही पाय चौकटीला लावते आणि तुम्ही कितीही ढकला, ती आत जात नाही. वरचं दार असलं की टॉवेलमध्ये गुंडाळायची, मागचे पाय आधी खाली सोडायचे, मग सगळी आत आणि वरून दार लावायचं, टॉवेल आतच राहू द्यायचा. या कॅरियरचं वरचं दार खरंच मोठं आहे, गब्बूसारखं धूड अडकत नाही, आणि ते एका हाताने बंद होतं, दुसऱ्या हातात मांजर किंवा टॉर्च असते म्हणून हे फार महत्त्वाचं आहे. घेताना बाकी काही बघू नका, डोळे मिटून एका हाताने दार लावून बघा. जमलं तर घ्या.

पण कॅरियर कितीही भारी असला तरी मांजर हातात तर यायला पाहिजे! माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ८५ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत, इतके बारीक आवाज आपल्याला येतच नाहीत. म्हणजे आपल्याला "वारा वाढला वाटतं" असं वाटेपर्यंत ही मंडळी स्टोरेजवाल्या बेडच्या पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसलेली असतात, आणि तिथून काढायला अख्खा बेड उचलावा लागतो. म्हणून इशारा आला, की आभाळ अजून स्वच्छ दिसत असलं तरी, दोघांना एका खोलीत घ्यायचं आणि दार लावायचं. शक्यतो खिडकी नसलेली खोली, किंवा बाथरूम, जिथे लपायला मशीनच्या मागची फट वगैरे नसेल. कॅरियर, लिटरचा ट्रे (मांजराच्या शी-शूचा), पाणी तिथेच. काही लोक खिडकीवर टेपची फुली मारून निवांत होतात, पण त्याने काच फुटायची थांबत नाही, उलट फुटली तर मोठे मोठे तुकडे उडू शकतात. मांजराला काचेपासून लांब ठेवणं हाच उपाय आहे.

आणि कॅरियर माळ्यावर ठेवायची वस्तू नाही. हॉलमध्ये कायम पडून असू दे, पुढचं दार काढून, आत तुमचा जुना न धुतलेला टीशर्ट टाकून. आमच्याकडे चिमीने तो दुपारच्या झोपेसाठी बळकावलाय आणि गब्बूला त्यात पाऊल टाकू देत नाही, दिसायला हॉल जरा भंगारवाल्याच्या दुकानासारखा दिसतो पण चालतं. फेरोमोनचा, म्हणजे मांजराला शांत वाटावं अशा वासाचा स्प्रे मिळतो, तो मारायचा असेल तर मांजर आत घालायच्या साधारण १५ मिनिटं आधी मारा, कारण त्यात अल्कोहोल असतं आणि तो ओला वास त्यांना अजिबात आवडत नाही. चमत्कार होत नाही, थोडा फरक पडतो, काही मांजरांना तोही नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे क्लिपा. खालचा टब आणि वरचं झाकण फक्त प्लॅस्टिकच्या क्लिपांनी जोडलेलं आहे. रिकामा डबा उचलला तर काही नाही, गब्बूला घालून हँडलने उचलला तर सगळं वजन त्या क्लिपांवर येतं आणि एका बाजूची पटकन सुटते. घरात सुटली म्हणून वाचलो, भर पावसात रस्त्यावर सुटली असती तर बोका गेलाच असता. विमानातून जनावरं न्यायचे जे आयएटीएचे (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) नियम आहेत त्यात डब्याचे भाग नट-बोल्टने जोडलेले लागतात, ते उगाच नाही. नशिबाने या डब्याला कडेने भोकं आहेत, त्यात बोल्ट घालून हाताने पिळायचे विंग नट लावले, आता दगडासारखा घट्ट आहे. झिप टायनेही चालतं पण मग घाबरलेल्या मांजराला व्हेटने नुसतं झाकण काढून तपासायचं म्हटलं तर कात्री शोधत बसा. हे बोल्ट कंपनीने सोबत का देऊ नयेत मला कळत नाही, पाऊचमधल्या फालतू वस्तूंऐवजी तेच दिले असते तर बरं झालं असतं.

तर पाऊच. घडीची वाटी आहे, ती गळते. घडीचा लिटर ट्रे आहे, तो बरा आहे, खरंच उपयोगी. एक पट्टा आहे, चमकणारा, दिसायला मस्त, पण ओढ बसल्यावर सुटणारा नाही! असा पट्टा कुंपणात, फांदीत अडकला तर मांजराला फास बसतो. सरळ कचऱ्यात टाका आणि जोर बसला की आपोआप सुटणारा घ्या. "शांत करणारे थेंब" अशी एक बाटली आहे ज्यावर नीट घटकच लिहिलेले नाहीत, ती पण टाका. मांजर खूपच घाबरत असेल तर आधीच व्हेटला विचारा, गॅबापेंटिनसारखं औषध ते वजन बघून देतात, पण ते वादळाच्या दिवशी नाही, निवांत दिवशी विचारून ठेवायचं. आणि घरातली आपली गोळी कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, थोडीशी सुद्धा.

झाकणावर मात्र एक पारदर्शक खिसा आहे, तो मला आवडला. त्यात लसीचं कार्ड, फोन नंबर, आणि मांजराचा तुमच्यासोबतचा फोटो ठेवा, म्हणजे हरवून कोणाला सापडलं तर ते तुमचंच आहे हे दाखवता येतं. मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिचा १५ आकडी नंबरही. बरेच जण समजतात की चिप म्हणजे जीपीएस. नाहीये. त्यात फक्त नंबर असतो, स्कॅनर जवळ नेला की दिसतो, आणि त्या नंबरासमोर तुमचा जुना बंद पडलेला मोबाईल असेल तर चिपचा काही उपयोग नाही, आधी तो अपडेट करा.

एका कॅरियरमध्ये दोन मांजरं बसतील का असं बरेच लोक विचारतात. आकाराने बसतील. पण घाबरलेली मांजर समोर जी सापडेल तिच्यावर राग काढते, जिवाभावाची जोडी असली तरी, आणि बंद डब्यात भांडणं सोडवायला तुम्ही हात घालणार का? माणशी एक तसं मांजरी एक कॅरियर.

अजून एक, हे प्रॉडक्टबद्दल नाही पण सांगतेच. घर सोडायची वेळ आली तर मांजर सोबत न्या, कॅरियरमध्ये कोंडून मागे ठेवून जाऊ नका, पाणी शिरलं तर तिला पळायलाही जागा नाही. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात कितीतरी लोक जनावरं सोडवेनात म्हणून घरातच थांबले होते, मग २००६ मध्ये तिथे कायदाच आला की सुटकेच्या सरकारी प्लॅनमध्ये पाळीव प्राण्यांचा विचार झाला पाहिजे. तुमच्या भागातल्या निवाऱ्यात मांजर घेतात का हे आधीच फोन करून विचारून ठेवा. कॅरियर मिळालाच नाही तर उशीचा अभ्रा, हो खरंच, तोंड बांधून थोड्या अंतरासाठी चालतो, हवा जाते त्यातून.

वादळ गेलं की लगेच दार उघडून मोकळं सोडू नका. बाहेरच्या खुणा आणि वास सगळे पुसले गेलेले असतात, रोज फिरणारं मांजरही परत यायचा रस्ता चुकतं, शिवाय खाली काच, तारा, घाण पाणी. पाय भिजले तर ती चाटणार, म्हणून आधी आपणच पुसायचे. दिवसभराच्या वर काही खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, मांजर उपाशी राहिली की लिव्हरवर येतं, खासकरून जाड मांजरांच्या. आणि बोका असेल तर लिटरकडे लक्ष ठेवा, टेन्शनने त्यांची लघवी अडकते. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि काहीच होत नाहीये असं दिसलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी न्या.

धुवायला कॅरियर सोपा आहे, दोन भाग वेगळे होतात म्हणून कोपऱ्यात वास राहत नाही. जाळीच्या दाराचा स्प्रिंग अजून तरी टाईट आहे. मांजर उभी राहून आत गोल वळू शकेल एवढा साईज घ्या, त्याहून फार मोठा नको, उचलताना आत घसरत राहते. आणि रंगात राखाडी किंवा काळा घेऊ नका, लाईट गेल्यावर शोधत बसाल, पांढरा किंवा केशरी घ्या.