विंडचीटर, फ्लीस की फेदर जॅकेट? कळसूबाई ते केदारकंठा, कपड्यांचा हिशेब

पावसाळ्यात कळसूबाई, थंडीत हरिश्चंद्रगड आणि डिसेंबरअखेर पहिलाच हिमालयातला ट्रेक, बहुधा केदारकंठा. असा बेत असलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: जॅकेट कुठलं घेऊ? माझा उलटा प्रश्न असा, की ते घालून चालणार आहात की बसणार आहात? पाच अंशांत पाठीवर सॅक घेऊन चढ चढणाऱ्याला पातळ टी-शर्टवर विंडचीटर पुरतो. त्याच पाच अंशांत तंबूबाहेर चहाची वाट बघत उभ्या असलेल्याला दोन जॅकेटं कमी पडतात. पारा तोच, पण चढताना शरीर स्वतःच शेगडी होतं. म्हणून खाली प्रत्येक थराची तुलना थंडीपेक्षा घामाच्या अंगाने जास्त केली आहे.

अंगालगत: सुती, पॉलिएस्टर की मेरिनो

सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. एप्रिलच्या उन्हात राजगड चढताना हे सुखाचं असतं, कारण ओलावा वाळताना अंग थंड होतं. थंडीत हेच अंगाशी येतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे माथ्यावर वारा लागला की ओल्या बनियनमध्ये दहा मिनिटांत हुडहुडी भरते. जीन्सबद्दल वेगळं लिहायलाच नको.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून लवकर वाळतं. फुटबॉलची जर्सी घरात असेल तर सह्याद्रीसाठी वेगळा ‘ट्रेकिंग टी-शर्ट’ घेण्याची गरज नाही. दोष एकच: दुसऱ्या दिवशी तंबूतले सोबती लांब सरकून झोपतात. मेरिनो म्हणजे त्याच नावाच्या मेंढ्यांची बारीक, मऊ लोकर; तिला सहसा वास लागत नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा सामावून घेते, तरी ओली लागत नाही. पण ती महाग असते आणि सॅकच्या पट्ट्यांखाली लवकर विरते. एका दिवसाच्या ट्रेकला मेरिनो म्हणजे चैन. पाच-सहा दिवस आंघोळ नसलेल्या हिमालयात एक मेरिनो आणि एक पॉलिएस्टर अशी जोडी छान जमते.

जाड थर्मल घालून चढू नका. ते झोपायचे कपडे आहेत. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवा आणि तंबूत शिरल्यावरच बाहेर काढून घाला.

मधला थर: इथे पैशाचा खरा प्रश्न येतो

फ्लीस म्हणजे मऊ, लवदार पॉलिएस्टरचं जॅकेट. त्यातून वारा आरपार जातो, दुकानात हा त्याचा दोष म्हणून सांगतात. चालताना मात्र हाच त्याचा गुण, कारण घामाची वाफ अडकत नाही. भिजला तरी पिळून घालता येतो. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या पहाटे कोकणकड्यावर बसायचं असेल तर फ्लीस आणि वर विंडचीटर एवढं बस्स. नऊ वाजले की दोन्ही सॅकमध्ये जातात आणि दुपारी तुम्ही सावली शोधत असता.

फेदर जॅकेट वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार. पिसांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि उरतं ते ओलं कापड. कोरड्या, गोठलेल्या थंडीत याला तोड नाही, पण सह्याद्रीत, निदान पावसाळ्यात, ते कपाटातच बरं. कृत्रिम भरणाचं जॅकेट तेवढ्याच उबेला थोडं जड पडतं, पण ओलं झालं तरी बरीच ऊब धरून ठेवतं, निगाही कमी लागते. दोन्हीकडे वापरायला एकच जॅकेट घ्यायचं असेल तर माझं मत कृत्रिम भरणाला.

वरचा थर: महाग रेनजॅकेटचा मोह

कळसूबाई 1646 मीटर. बारी गावातून चढ आठशे मीटरच्या वर, म्हणजे पायथा आणि माथा यांत चार-पाच अंशांचा फरक. जुलैत चढायला लागलात की पहिल्या शिडीपर्यंत रेनकोटच्या आत अंग चिंब झालेलं असतं. कोपर खाली केला की बाहीतून पाणी ओघळतं, आणि ते पावसाचं नसतं. मग वाटतं, ‘श्वास घेणारं’ महागडं जॅकेट घ्यावं. ते कापड घामाची वाफ बाहेर सोडतं हे खरं, पण त्यासाठी आतल्यापेक्षा बाहेरची हवा बरीच कोरडी हवी. जुलैत ढगात बुडालेल्या माथ्यावर बाहेरही तेवढाच दमटपणा, मग वाफ जाणार कुठे? हिमालयातल्या कोरड्या थंडीत तेच जॅकेट छान काम करतं.

पावसाळी सह्याद्रीत म्हणूनच पोंचो सरस. खालून उघडा, हवा खेळते, सॅकही झाकली जाते. भात लावणाऱ्या बायकांचं इरलं याच तत्त्वावर चालतं: पाठीवर छप्पर, खाली मोकळं. पण शिड्यांवर आणि वाऱ्याच्या खिंडीत पोंचो फडफडतो, पायऱ्या दिसत नाहीत. तिथे साधा, काखेत चेन असलेला रेनकोट बरा. भिजायचंच आहे हे एकदा मान्य केलं की सॅकमधला कोरडा टी-शर्ट कुठल्याही जॅकेटपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

केदारकंठ्याची पहाट

उंची सुमारे 3,800 मीटर. हिवाळ्यात रात्री तळावर पारा शून्याच्या बराच खाली असतो आणि माथ्यासाठी अंधारातच निघतात. निघताना सगळे फुगलेल्या जॅकेटात असतात. अर्ध्या तासाच्या चढानंतर टॉर्चच्या उजेडात कॉलरमधून वाफ निघताना दिसते, आणि तरी कोणी थांबून जॅकेट काढत नाही. पुढच्या थांब्यावर तोच घाम गारठवतो. पॉलिएस्टर, फ्लीस आणि विंडचीटर एवढ्यावर निघा. पहिली दहा मिनिटं कुडकुडाल, ते ठीक आहे. फेदर जॅकेट सॅकमध्ये अगदी वर ठेवा आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, अंगावर चढवा.

बजेट बेताचं असेल तर आधी चांगला फ्लीस आणि विंडचीटर घ्या, ते बाराही महिने वापरात राहतात. फेदर जॅकेट वर्षातून चारच दिवस लागणार असेल तर पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतं. चेन चालते का आणि शिवणीतून पिसं निघतात का, ते दुकानातच बघून घ्या. हातमोजे मात्र स्वतःचे, दोन जोड: आत पातळ लोकरीचे, वर वाराबंद. फोटो काढायला वरचा मोजा काढला तरी बोटं उघडी पडत नाहीत.