कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळचे बाइंडर मामा : जुनं पुस्तक बिनधास्त द्या

तीस वर्षं भूगोल शिकवला. दक्षिण ध्रुवाचा धडा आला की एक जाडजूड जुनं इंग्रजी पुस्तक वर्गात न्यायचो, ते हेन्री बॉवर्ससाठी. उंची पाच फूट चार इंच. 1905 साली रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या आरमारी चाकरीत लागला. ब्रह्मदेशात इरावतीवर गनबोट चालवली, इराणच्या आखातात बंदुकांची चोरटी ने-आण अडवली आणि 1910 साली तिथून थेट कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत. 1911 च्या ऐन हिवाळ्यात, चोवीस तास अंधारात, पेंग्विनची अंडी आणायला तिघं गेले, तेव्हा वादळात तंबूच उडाला. नशिबानं सापडला. त्या रात्री बॉवर्सनं तंबूची दोरी स्वतःला बांधून घेतली. हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

पुस्तकाचे हाल झाले होते. मागं एका ठिकाणी बांधायला दिलं, तर त्यांनी बाजूनं पिना मारल्या आणि कटिंगमध्ये नकाशाची कड उडवली. फार जीव तुटला.

मग ते मामांकडे नेलं. त्यांनी पान न पान चाळलं. म्हणाले, "सर, पिना मारल्या की पुस्तक नीट उघडत न्हाई. जुजबंदीच करायला लागतीया." जुजबंदी म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे जुज, दोऱ्यानं शिवणं. सगळ्या पिना हातानं काढल्या, फाटके जुज पातळ कागदानं जोडले, सुईदोऱ्यानं शिवले, कापडी पाठ लावली. कटिंग अजिबात नाही.

खरं काम नकाशाचं. घडीवर तो नेमका वन टन डेपोपाशी, म्हणजे मोहिमेच्या अन्नसाठ्याच्या ठिकाणी, फाटला होता. ध्रुवावरून परतताना स्कॉट, त्याचा सोबती विल्सन आणि बॉवर्सचा शेवटचा तंबू तिथून जेमतेम 11 मैलांवर होता. 1912 च्या मार्चमध्ये तिघंही त्यातच गेले. बॉवर्स तेव्हा 28 वर्षांचा. मामांनी मागून मलमल चिकटवून फाटलेल्या कडा अशा जुळवल्यात, की डेपोच्या नावाचं एक अक्षरही हललेलं नाही. मी भिंग लावून पाहिलं.

आठ दिवस म्हणाले, बारा लागले. 380 रुपये घेतले. माझ्या मते कमीच. गाडी तिकटीलाच लावून चालत जा आणि सकाळी अकराच्या आत गाठा, नंतर ते खळ शिजवायला घेतात.