यहूदाचं दुःख, पेत्राचं दुःख

उपवासकाळात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी बायबलमधले, येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र यांच्यावरचे दोन अध्याय दरवर्षी वाचले जातात. गुरूला दगा दोघांनीही दिला: यहूदाने येशूला पैशासाठी पकडून दिलं, पेत्राने त्याला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं. पस्तावा दोघांनाही झाला, आणि यहूदाचा खोटा नव्हता. मत्तय २७ मध्ये तो पाप कबूल करतो, रुप्याची ३० नाणी मंदिरात फेकून देतो. पण गेला याजकांकडे. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे नाही. गळफास घेऊन स्वतःचा निवाडा त्याने स्वतःच करून टाकला. यात मला एक लपलेला ताठा दिसतो.

पेत्र फक्त रडला. मात्र पुढे येशू मरणातून उठल्यावर तळ्याच्या किनाऱ्यावर त्यांची भेट झाली, तिथे कोळशाचा विस्तव होता. पेत्राने नाकारलं तेव्हाही महायाजकाच्या अंगणात तसाच विस्तव होता! किनाऱ्यावर येशूने पेत्राला तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रेम करतोस का?" तिसऱ्यांदा त्याला वाईट वाटलं, तरी तो उठून गेला नाही. नम्रता म्हणतात ती हीच. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ७:१०) प्रेषित पौल हाच फरक सांगतो: एक दुःख पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे.

थोरल्या भावाला टाकून बोलल्यावर आठ महिने मी घरात स्वतःलाच कोसत बसलो; ते यहूदाचंच दुःख. शेवटी त्याच्या दारी गेलो. वहिनीने पोह्यांची बशी पुढे सरकवली. घास उतरेना, पण बसून राहिलो.