पेटी: आठवड्याचा क्लास की देवळातलं भजन?

अलंकार झाले, दोन-चार राग झाले, फी वेळच्या वेळी जाते, आणि तरीही इथं गोव्यात चवथीला घुमट-शामेळ ही वाद्यं घुमायला लागली की आपली पेटी कोपऱ्यातच राहते. अशी ज्यांची गत आहे, आणि पुढचं वर्ष क्लासला द्यावं की भजनाला या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सहा वर्षं त्याच कोपऱ्यात होतो. हवापाण्याला दोष द्यावा, तर नामवंत पेटीवादक पद्मश्री तुळशीदास बोरकर आमच्या शेजारच्या बोरीचे. म्हणजे ती वाट बंदच.

फी, वेळ, अंतर हे ज्याचं त्यानं पाहावं. मला पणजीला जायला भोमच्या वाहतूक कोंडीतून जावं लागायचं, त्यावर अधिक बोलत नाही.

क्लासचं देणं आधी मान्य करतो. अंगठा बोटांखालून कसा काढायचा, भाता हिसके न देता कसा भरता ठेवायचा, हे मला क्लासनं दिलं. आमच्या भागात तर्जनी आणि मधल्या बोटावर उभा जन्म काढलेले पेटीवाले आहेत. वाजवतात गोड, पण लय चढली की दोन बोटांची धावपळ बघवत नाही. ती खोड एकदा लागली की सुटत नाही म्हणतात, आणि भजनात ती मोडायला कोणी बसलेलं नसतं.

आता माझं दुखणं. क्लासमध्ये चार जण, वेळ पाऊण तास, म्हणजे माझ्या वाट्याला दहा मिनिटं. भूप रागातली गत, म्हणजे वाजवायची बांधीव रचना, सुरू करायची. दुसऱ्या ओळीत बोट घसरलं की सर म्हणायचे, "थांबा. पहिल्यापासून." चूक माझीच असायची, सरांचं काहीच चुकत नव्हतं. पण दर वेळी पहिल्यापासून. स्थायीची, म्हणजे पहिल्या भागाची, पहिली ओळ मी झोपेतही वाजवीन, पुढचा अंतरा मात्र आजही पाहुण्यासारखा भेटतो. वाईट म्हणजे ही सवय मी घरी आणली. चुकलं की हात आपोआप उचलला जायचा आणि पुन्हा सा वर यायचा. सहा वर्षांत माझा सगळ्यात पक्का रियाज झाला तो थांबण्याचा. मधल्या काळात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन प्रवेशिका पूर्ण पास झालो. प्रमाणपत्राला फ्रेम केली आहे.

हात सुटत नाही म्हटल्यावर शहाणा माणूस जे करतो तेच मी केलं, वाद्य बदललं. 45,000 रुपये घालून स्केल चेंजर घेतली. बोटं तीच ठेवायची आणि पट्ट्या सरकवून सूर बदलायचा, इतकी सोय. जुलैत लाकूड फुगलं आणि पट्ट्या दोन खुणांच्या मध्येच अडकल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, पावसाळा सरू दे, आपोआप सुटेल. दिवाळीला सुटली खरी. (आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर घातलेली बंदी 1971 साली सैल झाली. आमच्या घरात अधूनमधून ती पुन्हा आणण्याची मागणी होते.)

त्या अडकलेल्या पावसाळ्यात मार्दोळजवळच्या एका देवळात एकादशीच्या भजनाला जाऊन बसलो. नेहमीचा पेटीवाला आला नव्हता. देवळातली जुनी साधी पेटी माझ्यासमोर सरकवण्यात आली आणि बुवांनी पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, सांगितली: पांढरी चार. मी आयुष्यभर काळी एकचा माणूस. चाल भूपाच्या अंगाची होती, म्हणजे मला येणारीच. पण काळी एकवर भूपाचे चार सूर काळ्या पट्ट्यांवर आणि फक्त गंधार पांढरीवर. पांढरी चारवर पाचच्या पाच सूर पांढऱ्यांवर. खरं तर हे सोपं. पण माझ्या बोटांना सूर ठाऊकच नव्हते, पट्ट्यांचे उंचवटे तेवढे ठाऊक होते. तिसऱ्या सुराला वाट चुकलो, सवयीनं हात उचलला आणि बुवांकडे पाहिलं, आता थांबतील म्हणून.

कोणीच थांबलं नाही. पखवाजवाले काका ठेका न सोडता म्हणाले, "रावूं नाका, वाजय." म्हणजे थांबू नको, वाजव. काहीच सुचेना तर सा धरून ठेव आणि भाता चालू ठेव, एवढंच त्यांचं मार्गदर्शन.

भजनाची खरी गंमत तेव्हा कळली. बुवा ओळ म्हणतात, मागे टाळकरी म्हणतात, पुन्हा बुवा, पुन्हा टाळकरी. पहिल्या खेपेला मी नुसता सा धरला, दुसऱ्या खेपेला शेवटचे दोन सूर सापडले, चौथ्या खेपेला निम्मी ओळ हातात आली. तोवर पुढची ओळ सुरू झालेली. म्हणजे उजळणी इथंही आहेच, पण चूक मागे टाकून पुढे जात होणारी. पहाटे भैरवी झाली तेव्हा माझा एकही अभंग धड झाला नव्हता, आणि तरी प्रत्येक अभंग मी शेवटपर्यंत वाजवला होता. हे याआधी कधी घडलं नव्हतं.

दोष इथंही आहेत. समजावून कोणी सांगत नाही, फार तर बुवांची मान वळते. एका चालीत कोमल निषादाच्या जागी मी चार महिने शुद्ध निषाद लावत होतो. टाळांच्या गजरात तो खपून गेला. क्लासमध्ये तीच चाल वाजवली आणि सरांनी पहिल्याच मिनिटाला पकडलं. गुडघ्यांचा प्रश्न वेगळा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन 24 तास अखंड चालतं. तिथं आमच्या भजनी मंडळाबरोबर मध्यरात्रीनंतरच्या पाळीला बसलो आणि उठताना पखवाजवाल्या काकांचा हात धरावा लागला. काका सत्तरीचे आहेत.

मुलांना परीक्षा द्यायच्या असतील, किंवा तुम्हाला स्वतंत्र वादन करायचं असेल, तर क्लास सोडू नका असंच मी म्हणेन. कोरा माणूस थेट भजनात बसवू नये. एक-दोन वर्षं बोटांना वळण लागू द्यावं. पण पाच वर्षं फी भरूनही चार माणसांत पेटी उघडायचा धीर होत नसेल, तर सहाव्या वर्षाची फी भरण्याआधी दोन-तीन एकादशी बघाव्यात. पट्टी आधी विचारू नका, ती तिथंच कळलेली बरी. आणि स्केल चेंजरचा विचार असेल, तर तूर्त राहू दे. हे माझ्या बोटांवरून सांगतोय, तुमची वेगळी असू शकतील.

मी क्लास पूर्ण सोडलेला नाही, महिन्यातून एकदा जातो. परवा भूपाची गत अंतऱ्यासकट पार पडली. मध्ये दोनदा चुकलो, पण हात उचलला नाही. सर म्हणाले, "हल्ली हात सुटलाय, रियाज वाढवलात वाटतं." मी हो म्हटलं.